नव्या लाइन लीडरला, वाळूजहून

अभिनंदन भाऊ! पहिलीच टीम आहे, तर सध्या एवढंच धरा.

सुरुवातीला सगळे गोड बोलतात. त्याला एकी समजू नका. मग खटके उडतात. रात्रपाळी कोणाला, ओव्हरटाइम कोणाला. कायम आणि कंत्राटी कामगारांत तर हमखास. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गट घडण्याचे चार टप्पे मांडले, त्यातला हा दुसराच. नवे लीडर इथंच घाबरतात: एक तर एचआरकडे पळतात, नाही तर सगळ्यांना दम भरतात. दोन्ही नको.

- पाळ्यांची वाटणी फळ्यावर लिहा, तोंडी नको.
- भांडण मशीनपाशी मिटवू नका. दोघांना बाजूला घ्या. (चहा तुम्हीच पाजा.)

नवा माणूस आला की घडी पुन्हा विस्कटते. १९७७ मध्ये गट मोडण्याचा पाचवा टप्पाही जोडला गेला, पण त्याचं आत्ता काही काम नाही.