नुसता खमक्या नेता पुरतो का?

प्रश्न: आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात की एक खमक्या नेता मिळाला की देश पुढे जातो, बाकी यंत्रणा वगैरे दुय्यम. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: नेता लागतोच हो, पण तेवढ्यावर भागत नाही. आपली रोजगार हमी योजनाच बघा ना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग केला, मग १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्यभर गेली. पण मला खरं मोठं काम वाटतं ते पुढचं. पैशासाठी १९७५ ला व्यवसाय कर आणला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघायला लागली (तुमच्या सॅलरी स्लिपवर तो आजही कापलेला दिसेल) आणि १९७७ ला कायदा करून काम मागणं हा हक्कच केला. मग मुख्यमंत्री बदलले, सरकारं बदलली तरी योजना टिकली, आणि २००५ ला केंद्रानं तसाच कायदा देशभर आणला. मस्टरमध्ये घोटाळे झाले, मजुरी थकली, याचा रागच येतो, पण कायदा हातात होता म्हणून मजुरांना तहसीलवर मोर्चा नेऊन हक्कानं काम मागता आलं.