ग्रॅज्युएशन रेटच्या रकान्यात माझा मुलगा नाही

तुमची एक्सेल फाइल पाहिली. मुलीची बारावी झाली की जूनमध्ये तुम्ही सगळे अमेरिकेत येणार, कंपनीने दोन शहरांपैकी एक निवडायला सांगितलंय. म्हणून तुम्ही दोन्हीकडची कॉलेजं ग्रॅज्युएशन रेटप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलीत, ६० टक्क्यांखालची लाल केलीत आणि विचारलंत, एवढ्यावर शहर ठरवलं तर चालेल का. व्हिसा, घर, विमा यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते सरकारी साइटवर आणि कंपनीच्या वकिलाकडे मिळेल. पण तो लाल रंग पाहिल्यापासून माझ्या डोक्यात जुनं सगळं घोळतंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी तो आकडा कुणाचा आहे ते बघा. चार वर्षांच्या कॉलेजचा जो रेट तुम्ही उतरवून घेतलाय, त्यात फक्त अशी मुलं धरतात जी पहिल्यांदाच कॉलेजात आली, पूर्णवेळ आली आणि फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात आली. त्यातली किती जण त्याच कॉलेजातून सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडली, एवढंच तो सांगतो. चार वर्षांच्या पदवीला सहा आणि दोन वर्षांच्या पदवीला तीन, अशी दीडपट मुदत असते. जानेवारीत आलेलं मूल बहुतेक ठिकाणी त्यात नाही. अर्धवेळ शिकणारं नाही. दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेलं नाही. आणि जे बदलून गेलं, ते जुन्या कॉलेजाच्या हिशेबात ‘पदवी न मिळालेलं’ म्हणूनच राहतं. बराक ओबामा ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षं शिकले, १९८१ मध्ये कोलंबियात गेले आणि १९८३ मध्ये तिथून पदवीधर झाले. आजच्या मोजणीने ते ऑक्सिडेंटलसाठी अपयश आणि कोलंबियासाठी मोजणीबाहेर.

ही मोजणी १९९० च्या कायद्यातून आली. कॉलेजं खेळाडूंना वापरून घेतात आणि त्यांच्या हाती पदवी पडत नाही, हे तेव्हा फार बोललं जात होतं. कायद्यामागे सिनेटर बिल ब्रॅडली होते, ते स्वतः न्यूयॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळलेले. म्हणजे हेतू चांगलाच होता. अठराव्या वर्षी वसतिगृहात येऊन राहणाऱ्या मुलाला हे माप बरोबर बसतं. तुमच्या मुलीला बसेल की नाही, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मुलाला नाही बसलं.

आम्ही २०१३ च्या जूनमध्ये आलो. निघण्याआधी ज्युनिअर कॉलेजातल्या कारकुनाने मार्कशीटची प्रत खाकी पाकिटात घालून, पाकिटाच्या झाकणावर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा गोल शिक्का मारून दिली होती. मी ते पाकीट उघडलं. दहावीच्या दाखल्यावर आमच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, या वेळी बरोबर आहे ना एवढंच बघायचं होतं. इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे कमी फीच्या, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, खिडकीवरच्या बाईंनी फाटलेला शिक्का पाहिला आणि पाकीट तसंच परत सरकवलं. दुसरं मागवलं, ते पोस्टात अडकलं. मग लसीकरणाचा दाखला, त्यावर डॉक्टरांची सही होती पण तारखा मराठीत. मग इन-स्टेट फीसाठी, म्हणजे राज्याच्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी फीसाठी, आम्ही राज्यात किती महिने राहतोय याचा पुरावा, आणि वीजबिल यांच्या नावावर, मुलाच्या नावावर काहीच नाही. फॉल सुरू होऊन गेला. तो जानेवारी २०१४ ला बसला.

तेव्हा वाटलं होतं, चार महिन्यांनी काय बिघडतं. पण ते चार महिने तो घरात होता, आणि नंतर वर्गात गेला तेव्हा बाकीच्यांच्या ओळखी झालेल्या होत्या. एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. असतो. माझा दीड वर्षाने कमी झाला. त्याचा किती होता हे मी त्या वेळी विचारलं नाही, एवढंच इथे लिहिते.

क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाचं वजन मोजायचं एकक. दुसऱ्या वर्षी त्याने एका सत्रात नऊच क्रेडिट घेतले, म्हणजे अर्धवेळ. २०१६ च्या मेमध्ये ६२ क्रेडिट झाले आणि फॉलमध्ये तो राज्याच्या विद्यापीठात गेला. पार्किंगमध्ये गाडीत बसून आम्ही क्रेडिटचा कागद वाचला. डाव्या रकान्यात त्याने केलेले विषय, उजवीकडे विद्यापीठाने काय मानलं ते. बऱ्याच विषयांसमोर नुसतं ‘इलेक्टिव्ह’. म्हणजे घेतले, पण पदवीच्या कामाचे नाहीत. ६२ पैकी ४१ उपयोगी पडले. हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं नाही. जीएओ या अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या मुलांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेले. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी त्याला गाडीतच म्हणाले, “इथली दहातली सात मुलं पूर्ण करतात, तुलाच का जमत नाही?” त्याने कागदाची चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दहा जणांत त्याच्यासारखा एकही धरलेला नव्हता. हे मला धाकट्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी त्या आकड्याची व्याख्या वाचली तेव्हा कळलं. तीन वर्षं मी त्याला अशा मुलांच्या शेजारी उभं करत होते, ज्यांच्या रांगेत त्याला मुळात घेतलंच नव्हतं.

डिसेंबर २०१९ मध्ये तो पदवीधर झाला. जानेवारी २०१४ पासून मोजलं तर सहा वर्षांच्या आतच. तरी मथळ्यातल्या त्या आकड्यात तो ना कम्युनिटी कॉलेजच्या बाजूने आहे, ना विद्यापीठाच्या. २०१५-१६ पासून ‘आउटकम मेझर्स’ नावाची वेगळी माहिती गोळा होते, तिच्यात अर्धवेळची आणि बदलून आलेलीही मुलं धरतात, आठ वर्षांपर्यंत. तिथे तो असणार. तुमच्या फाइलमध्ये तो रकाना नाही. जरूर घाला.

आता लाल खुणांबद्दल. २०१४ च्या फॉलमध्ये आलेल्या मुलांचा देशभराचा सहा वर्षांचा रेट ६४ टक्के होता. जी कॉलेजं चारातल्या एकालाही घेत नाहीत तिथे तो ९० च्या आसपास, आणि जिथे येईल त्याला प्रवेश आहे तिथे ३० च्या आसपास. यातला किती भाग शिकवण्याचा आणि किती निवडून घेण्याचा, हे तो आकडा सांगत नाही. तुम्ही लाल केलेली काही कॉलेजं नोकरी करून शिकणाऱ्यांची आहेत. तिथले शिक्षक वाईट असं त्यावरून ठरत नाही. आणि कम्युनिटी कॉलेजांचे आकडे तर बघूच नका, कारण पदवी न घेता विद्यापीठात गेलेलं हुशार मूलही तिथे ‘न झालेलं’ म्हणून मोजलं जातं.

आकडा अगदी टाकाऊ आहे असंही मी म्हणणार नाही. सारखीच मुलं घेणाऱ्या, सारख्याच फीच्या दोन कॉलेजांत वीस टक्क्यांचा फरक असेल तर विचारा, का. पण त्यासोबत हेही विचारा: पहिल्या वर्षातली किती मुलं दुसऱ्या वर्षाला परत येतात? आपल्या उत्पन्नाच्या घराला प्रत्यक्षात किती पैसे पडतात? आणि मुलगी कम्युनिटी कॉलेजातून जाणार असेल तर तिच्या विषयात, नुसते इलेक्टिव्ह म्हणून नव्हे, किती क्रेडिट धरणार, हे लेखी घ्या. आणखी एक साधा हिशेब. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, आणि १२ क्रेडिट घेतले की विद्यार्थी ‘पूर्णवेळ’. बारा गुणिले आठ सत्रं, ९६. पूर्णवेळ शिकूनही चार वर्षांत पदवी होत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही. सत्राला १५ लागतात.

मुलगी २१ ची झाली की एच-४, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा तिचा व्हिसा, संपतो, हे तुम्हाला वकील सांगेलच. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेल्यावर बारा क्रेडिट सक्तीचे, श्वास घ्यायला आपल्या मनाने नऊवर येता येत नाही, आणि काही राज्यांत फीही बदलते. आमची बदलली. शहर ठरवताना त्या राज्याचा हा नियम रेटच्या आधी बघा.

तो आता नोकरी करतो, बरा आहे. गाडीतल्या त्या वाक्याबद्दल मी त्याच्याशी अजून बोललेले नाही. तुम्हाला लिहिताना पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं.

मार्कशीटची सीलबंद पाकिटं तीन घ्या. एक घरी उघडून स्पेलिंग तपासा, बाकीची दोन हातातल्या बॅगेत ठेवा आणि खिडकीपर्यंत तशीच जाऊ द्या.