स्पर्धात्मक ऑनलाइन गेममध्ये धोका न पत्करणारा खेळाडू संघाला कशासाठी हवा असतो?

आपण विचारले आहे की, आपल्या पाच जणांच्या संघातील एक सहकारी कधीच स्वतःहून पुढे घुसत नाही, त्याचे किल (मारलेले शत्रू) बहुतेक वेळा सर्वांत कमी असतात, आणि तरीही कर्णधार त्याला बदलायला तयार नाही. मग अशा खेळाडूचा उपयोग काय? माझ्या मते आपला कर्णधार बहुधा बरोबर आहे. त्याचे कारण स्कोअरबोर्डवर दिसत नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो. मी मुख्यतः काउंटर-स्ट्राइक हा पाच विरुद्ध पाच जणांचा नेमबाजीचा गेम खेळतो, त्यामुळे बहुतेक उदाहरणे त्याच गेममधली आहेत. त्यात प्रत्येक राउंडमध्ये एक संघ ठरलेल्या जागी, म्हणजे साइटवर, बॉम्ब लावायचा प्रयत्न करतो आणि दुसरा त्याला रोखतो.

समजा, दोन्ही बाजूंचे पाचही जण जिवंत असताना आपला संघ 100 पैकी 60 राउंड जिंकतो. आता आपल्यापैकी एक जण राउंडच्या सुरुवातीलाच आडोसा सोडून समोरासमोरची लढत अंगावर घेतो, आणि ती जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. तो जिंकला तर पाचास चार अशा स्थितीत राउंड आपल्याकडे येण्याची शक्यता 75 टक्के होते आणि हरला तर ती 30 टक्क्यांवर येते, असे धरू. दोन्हींची सरासरी 52.5 टक्के भरते, म्हणजे बरोबरीची वाटणारी ती लढत संघाला साडेसात टक्क्यांना पडली. हे आकडे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. पण जो संघ मुळात वरचढ आहे, त्याने आपले वर्चस्व अशा बेभरवशाच्या लढतीत पणाला लावण्यात तोटा असतो, हे त्यांतून स्पष्ट होते. जो खेळाडू अशी लढत टाळतो आणि सहकाऱ्याचा फ्लॅश (शत्रूला क्षणभर आंधळे करणारा ग्रेनेड) पडेपर्यंत थांबतो, तो त्या राउंडमध्ये एकही किल न करता संघाचा फायदा राखून ठेवत असतो. दुबळ्या संघाचे गणित अर्थातच उलटे असते; त्याला अनपेक्षित धाडस करावेच लागते, कारण सरळ खेळून त्याची हार जवळपास ठरलेली असते.

काउंटर-स्ट्राइकमध्ये मरणाची आर्थिक किंमतही मोजावी लागते: मेलेल्याची शस्त्रे जातात आणि पुढच्या राउंडसाठी ती गेममधल्या पैशांनी पुन्हा विकत घ्यावी लागतात. एके-47 रायफलची किंमत 2700 डॉलर आहे आणि हेल्मेटसह चिलखत 1000 डॉलरला येते, म्हणजे एका खेळाडूच्या तयारीला ग्रेनेड न धरताही 3700 डॉलर लागतात. राउंड हरल्यावर मिळणारी रक्कम सलग पराभवांबरोबर 1400 वरून वाढत जाऊन जास्तीत जास्त 3400 पर्यंत पोहोचते. त्यामुळे एकट्याने तिघांविरुद्ध उरलेला खेळाडू हरलेल्या राउंडचा नाद सोडून रायफल वाचवतो, तेव्हा तो पुढच्या राउंडची खरेदी सोपी करत असतो. बॉम्ब लावल्यानंतरही हाच संयम कामी येतो. बॉम्ब फुटायला 40 सेकंद लागतात आणि तो निकामी करायला किट असल्यास 5, नसल्यास 10 सेकंद लागतात. वेळ आपल्या बाजूने असताना दूरवर, सुरक्षित कोनात उभे राहून शत्रूलाच घाई करायला लावणे हे त्या क्षणी सर्वांत योग्य काम असते, आणि नेमके तेच उतावळ्या खेळाडूंना जमत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र सहकाऱ्यांच्या विश्वासाचा आहे. संघातील सर्वांत आक्रमक खेळाडू बेधडक घुसू शकतो, कारण मागची किंवा दुसऱ्या साइटची बाजू कोणीतरी नक्की धरून ठेवली आहे, याची त्याला खात्री असते. साइटवर एकटा उभा असलेला अँकर स्मोक (धुराचा) आणि मोलोटोव्ह (आगीचा) ग्रेनेड वापरून पाच जणांचा हल्ला काही सेकंद रोखून धरतो. त्या सेकंदांत बाकीचे मदतीला पोहोचतात आणि किल त्यांच्या नावावर जमा होतात. डेन्मार्कच्या अस्ट्रॅलिस संघाने 2017 ते 2019 या काळात चार मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मोठ्या, स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी शेवटच्या तीन लागोपाठ. या चारही विजयांत सपोर्टची, म्हणजे सहकाऱ्यांना साथ देण्याची, भूमिका करणारा अँड्रियास होयस्लेथ संघात होता. शेवटी एकटा उरल्यावर राउंड जिंकून देण्यासाठी तो ओळखला जाई. मला त्या क्षणांत त्याच्या नेमबाजीइतकाच त्याचा शांतपणा दिसतो: किती वेळ उरला आहे आणि शत्रूला काय करणे भाग आहे, याचा हिशेब मांडून तो हालचाल करी.

इतर गेममध्ये स्वरूप बदलते, तत्त्व फारसे बदलत नाही. लीग ऑफ लेजेंड्समध्ये लेव्हल वाढेल तसा पुन्हा जिवंत होण्याचा काळ लांबत जातो, आणि सामन्याच्या उत्तरार्धात एका मुख्य खेळाडूचा अनावश्यक मृत्यू बॅरनसह (मारणाऱ्या संघाला बळ देणारा राक्षस) अख्खा सामना घालवू शकतो.

आता एक अट, जी आपल्या संघालाही लागू पडेल. कमी धोका घेणे आणि लपून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकाऱ्याला पुढे मरू द्यायचे, शत्रू कोठे आहे ते त्याच्या मरणातून जाणून घ्यायचे आणि मग स्वतःचा आकडा सुधारायचा, याला खेळाडू बेट करणे म्हणतात, आणि त्याने संघ आतून पोखरला जातो. म्हणून आपल्या सहकाऱ्याचे किल मोजण्याऐवजी काही सामन्यांचे रेकॉर्डिंग पाहा. पहिला खेळाडू मरतो तेव्हा हा लगेच बदला घेता येईल इतक्या अंतरावर असतो का? त्याचे ग्रेनेड शेवटी त्याच्याजवळच पडून राहतात, की दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी वापरले जातात? शत्रू दिसताच तो ताबडतोब आणि अचूक माहिती देतो का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्याला आक्रमक खेळायला लावू नका. फक्त संघ बराच मागे पडल्यावर कोणता धोका घ्यायचा, हे कर्णधाराने त्याच्याशी आधीच ठरवून ठेवावे. उत्तरे असमाधानकारक असतील, तर आपली तक्रार रास्त आहे, आणि ती त्या रेकॉर्डिंगसह कर्णधारापुढे ठेवावी.