रतनगडाच्या मुक्कामाला किती सामान?

प्रश्न : डिसेंबरात रतनगडाच्या गुहेत रात्र काढायची आहे. सॅक हलकी कशी ठेवू?

उत्तर : तंबू घरीच ठेवा, डोक्यावर कातळ आहेच. पण खालचा कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून फोमची मॅट हवीच. वजनाला नगण्य, आणि मला जाड पांघरुणाहून तीच मोलाची वाटते. मॅट सॅकला आडवी बांधू नका. लोखंडी शिड्यांवर ती कठड्यात अडकते आणि तोल जातो. उभीच बांधा. पाणी, शिधा अशा जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या मधोमध ठेवा. कानटोपी, हेडलँप विसरू नका. कोयता मात्र नकोच. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, इथली एक फांदीही तोडू नका. भाकरी-ठेचा बांधून न्या, चूल लागतच नाही.