वय झालं म्हणून अपंगत्व नाही, असं कायद्यात कुठेच नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता धरून धरून बाथरूमपर्यंत जाते पण साडी नेसणं, भाकरी मोडणं, केस विंचरणं काही जमत नाही. अपंग सर्टिफिकेटचं विचारायला गेलो तर म्हणाले, या वयात हे चालायचंच, श्रावणबाळचं पेन्शन मिळतंय ना मग बास. खरंच म्हाताऱ्या माणसाला सर्टिफिकेट देत नाहीत का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: देतात. तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व दिलंय आणि वयाची वरची मर्यादा कुठेच नाही. झटक्यानं हातपाय गेले तर ते अस्थिव्यंगात मोजतात, आणि ४० टक्के किंवा जास्त भरलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं. (घरात कुणाला पार्किन्सन असेल तर तोही यादीत नावानिशी आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश नावानं नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान हे दोन्ही आहेत, तेव्हा तिथून अर्ज करता येतो.)

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा, आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे कागद लावा. तपासणीची तारीख आली की आईसोबत तुम्ही स्वतः जा. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्या आया डॉक्टरांसमोर बसल्या की "सगळं जमतं हो मला, पोरं उगाच काळजी करतात" म्हणतात, आणि तिथे तेच लिहिलं जातं. काय जमत नाही ते तुम्ही सांगा, बटण लावून दाखवा म्हणा, ताट धरायला लावा. सुधारण्यासारखं असेल तर तात्पुरतं सर्टिफिकेट मिळेल, तेही घ्या. आणि नाहीच म्हणाले तर कारण लेखी मागा, ते द्यावं लागतं, त्यावर अपीलही करता येतं.

श्रावणबाळ आहे मग अपंगत्व कशाला, याचं उत्तर पैशात देते. श्रावणबाळचे महिना १५०० मिळतात, पण त्याच योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत, म्हणजे सर्टिफिकेट नसल्यानं दर महिन्याला हजार रुपये जातायत. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ग्रामसेवकाला विचारा यंदाचे कशावर खर्च झाले. तुम्ही नोकरीत असाल आणि जुन्या पद्धतीनं टॅक्स भरत असाल तर आई तुमच्यावर अवलंबून आहे म्हणून आयकरात ७५,००० ची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

पण मला खरी चीड येते ती त्या "चालायचंच" शब्दाची, कारण तो एकट्या त्या माणसाचा नाही, तो आपल्या सगळ्या धोरणातच बसलाय. म्हातारपण एका खिडकीवर, अपंगत्व दुसऱ्या खिडकीवर, आणि म्हातारपणी अपंग झालेला माणूस दोन्हीकडून परत. २०११ च्या जनगणनेत ६० च्या वरचे साधारण ५ टक्केच लोक अपंग म्हणून नोंदले गेले. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेनं २०१७-१८ मध्ये लासी नावाचा वयस्कांचा मोठा सर्व्हे केला, त्यात कपडे घालणं, अंघोळ, जेवणं, पलंगावरून उठणं, संडासला जाणं असं एकेक काम वेगळं विचारलं, तर ६० च्या वरच्या २४ टक्के लोकांना त्यातलं किमान एक काम जड जात होतं. दोन्ही मोजमापं सारखी नाहीत हे मान्य, पण घरात कुणी अपंग आहे का असं कुणी विचारलं की आपण पटकन नाही म्हणतो, आजीचं काय वय झालंय. २०२७ च्या जनगणनेत दारात माणूस आला आणि अपंगत्वाचा प्रश्न आला की आईचं नाव सांगा, बजेट त्या आकड्यांवरच ठरतं.

एसटीचंच बघा. ७५ वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट केला, फार चांगलं केलं. पण गुडघे गेलेली आजी त्या उंच पायरीवर चढणार कशी? कंडक्टर हात देतो, मागून कुणीतरी ढकलतं, तेव्हा ती आत जाते. तिकीट माफ करणारं खातं आणि पायरीची उंची ठरवणारं टेबल एकमेकांशी बोलले असते तर हे सुटलं असतं.

प्रश्न: आईचं ७० वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय. दिवसभर बघायला मावशी ठेवल्यात, बहिणीनं नोकरी सोडली ते वेगळंच. मावशींचा पगार त्यातून मिळेल का?
– तेच वाचक

उत्तर: नाही मिळणार. ते ५ लाखांचं कव्हर हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावरचं आहे, घरी आल्यानंतरची वर्षानुवर्षांची उस्तवार त्यात येत नाही, आणि खरा खर्च तर तिथेच असतो. २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, केरळनं आश्वासकिरणम योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना दर महिन्याला थोडे पैसे देणं सुरू केलं, रक्कम तुटपुंजी आहे पण निदान त्या बाईचं काम हे काम आहे हे सरकारनं मानलं.

जपानमध्येही हे सगळं सुनांवर आणि लेकींवरच पडायचं, घरी बघायला कुणी नाही म्हणून म्हातारी माणसं महिनोन्महिने हॉस्पिटलात पडून राहायची. २००० साली त्यांनी काळजीचा विमाच काढला. चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा, आणि ६५ नंतर तिथली नगरपालिका रोगाचं नाव किंवा उत्पन्न न बघता माणसाला किती मदत लागते त्याची पातळी ठरवते, आणि त्यावरून ठरतं की घरी येणारी बाई किती तास, डे केअर किती दिवस. खर्चाचा १० ते ३० टक्के वाटा घरच्यांचा.

आपल्याकडे २०२२ मध्ये ६० वरचे साडेदहा टक्के होते, २०५० ला वीस टक्क्यांच्या पुढे जातील असा अंदाज आहे, म्हणजे असा विमा उभा करायला अजून वेळ आहे, फार नाही. तोवर तुमच्या हातातलं एवढं करा: आईचं वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० एकदा मिळतात, त्यातून कमोड खुर्ची घ्या, त्यानं बहिणीची कंबर वाचेल. आणि बहिणीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्या, त्या दिवशी आईचं सगळं तुम्ही करा.