अर्बन स्टडीजच्या डिग्रीसाठी आठ लाखांचं कर्ज काढायचं का?

जून आला की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे सल्ल्याला येतंच. कोर्स मुलांच्या आवडीचा असतो, फी बघून आईवडिलांचे डोळे पांढरे होतात आणि पुढे नोकरीचं काय ते धड कोणी सांगत नाही.

मागच्या वर्षी अमळनेरकडचे एक आप्पा मुलीला घेऊन आले. कपाशीची शेती, मुलगी बीए भूगोल, मार्क चांगले. तिला शहरांचा अभ्यास करायचा होता, म्हणजे जळगावात सतरा मजली इमारत उभी राहते पण शेजारच्या कॉलनीत गटार का नाही, बसचा रूट कोण ठरवतं, असले प्रश्न तिच्या डोक्यात, आणि मला ती पोरगी तिथेच आवडली. एका खासगी विद्यापीठात अर्बन स्टडीजच्या एमएला तिचा नंबर लागला होता, दोन वर्षांचे सगळे मिळून आठ लाख. आप्पा म्हणाले, "मॅडम, पोर हुशार शे मनी, पन हाई डिगरीवर नोकरी लागस का?"

"आवड आहे ना, मग कर, पैसा मागून येईल" असं मी कोणाला सांगत नाही. बँकेचा हप्ता आवड बघून येत नाही.

मुलीने मोबाइलवर अमेरिकेचे आकडे काढून आणले होते. तिकडे सरकारचं कॉलेज स्कोअरकार्ड आहे, त्यात कोर्सनुसार दिसतं की शिकून बाहेर पडलेले किती कमावतात आणि त्यांच्यावर कर्ज किती. सोय फार चांगली, पण ते आकडे तिथल्या सरकारी मदत घेतलेल्या मुलांचे, आणि तिथे सरकारी कर्जाचा हप्ता पगाराच्या हिशोबाने ठरवून घेता येतो. आपल्याकडे पगार लागो न लागो, हप्ता तोच, आणि कर्जावर बापाचीही सही. म्हणून ते डॉलर बाजूला ठेवायला लावले.

आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे एनआयआरएफ, केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग. रँकिंगमध्ये भाग घेतलेल्या कॉलेजांची माहिती तिथे असते, किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, म्हणजे रांगेत बरोबर मधे उभा असलेल्या पोराचा पगार. जाहिरातीत हायेस्ट पॅकेज छापतात, ते एकाचं असतं. पण एक गोची आहे, एनआयआरएफमध्ये दोन वर्षांचे सगळे पीजी कोर्स एकत्र धरतात, एमबीएवाले पण त्यातच, म्हणून थेट डिपार्टमेंटला मेल करून विचारायचं की गेल्या बॅचची मुलं आज कुठे आहेत. तिने विचारलं, तर उत्तरात ब्रोशर आलं. आप्पा ते उलटसुलट बघत राहिले, त्यात पगाराचा एक आकडा नव्हता.

मग कागदावर हिशोब मांडला. दरवर्षी 4 लाख, व्याज 10 टक्के धरू. शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, पहिल्या 4 लाखांवर तीन वर्षांचं 1 लाख 20 हजार, दुसऱ्या 4 लाखांवर दोन वर्षांचं 80 हजार. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशीच आठाचे दहा लाख झालेले. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 13,200. माझ्याकडून या क्षेत्रात गेलेली मुलं सुरुवातीला एनजीओत नाहीतर कन्सल्टंटकडे पंचवीस-तीस हजारांवर लागलीत, पुण्यात खोलीभाडं आणि मेस देऊन हा हप्ता निघणार कुठून? मुलगी गप्प झाली. तिला रडवायचं नव्हतं हो मला, पण हे तिला आज कळलेलं बरं.

दुसरं, डिग्रीच्या नावाकडे नीट बघा. अर्बन स्टडीज वेगळं, प्लॅनिंग वेगळं. आपल्या राज्याच्या नगररचना विभागात सहायक नगर रचनाकार व्हायचं तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगसारखी डिग्री मागतात, अर्बन स्टडीजच्या एमएवर तो दरवाजा उघडत नाही. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

तारणाचंही तसंच. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन त्यात शक्यतो धरत नाहीत, मग माणूस वावर विकायच्या गोष्टी करायला लागतो. आप्पांच्या मनात एक बिघा होताच. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात 3 टक्के सवलत आहे, पण ती यादीतल्या संस्थांनाच, आणि हे विद्यापीठ यादीत नव्हतं.

शेवटी ती सीट सोडली. आता ती जळगावात एमए भूगोल करतेय, सोबत क्यूजीआयएस शिकतेय, ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नकाशे करता येणाऱ्या पोरांना काम मिळतं. भूगोलाच्या एमएनंतर दिल्लीच्या एसपीएत, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, एम. प्लॅनला (प्लॅनिंगच्या मास्टर्सला) अर्ज करता येतो, आणि मुंबईच्या टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मधल्या अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्सच्या एमएला तर कुठलीही पदवी चालते, त्यासाठी ती सीयुईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देणार आहे. आप्पांना अजून धाकधूक आहे, दर महिन्याला फोन असतो.

सगळ्यांनाच मी कर्ज नको म्हणते असं नाही. भुसावळचा एक सिव्हिल झालेला मुलगा सरकारी संस्थेत एम. प्लॅनला लागला, 3 लाखांत सगळं बसत होतं, त्याला म्हटलं बिनधास्त घे. त्याचे वडील रेल्वेत आहेत, ते कोर्स चालू असतानाच महिन्याचं व्याज भरून टाकतात, म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा मुद्दल तेवढंच्या तेवढं राहील. ज्यांना थोडंफार जमतं त्यांनी एवढं तरी कराच.