लॉनवरची नरसाळी

प्रश्न : गणपती गेल्यापासून आमच्या सोसायटीच्या लॉनवर रोज सकाळी चादरीसारखी पांढरी जाळी दिसतात, एका बाजूला नरसाळ्यासारखं भोक आणि आत कोळी. ग्रुपवर कोणीतरी 'फनेल वेब, सगळ्यात विषारी कोळी' असा मेसेज टाकला, आता कमिटी औषध फवारायचं म्हणतेय. हे तेच का? आंब्याच्या खोडावर दोन शेपट्यांचा चपटा कोळी दिसतो, तोही यातलाच का? – एक वाचक, खारघर

उत्तर : आधी कमिटीला सांगा फवारणी थांबवा, मग बाकीचं वाचा. मेसेजमधला कोळी म्हणजे सिडनी फनेल वेब, अॅट्रॅक्स रोबस्टस, तो ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपासच असतो, काळा चकचकीत, दात कुदळीसारखे सरळ खाली येणारे, नात्याने टॅरँटुलाच्या जवळचा. विषारी आहेच, पण 1981 मध्ये त्यावर प्रतिविष आलं आणि त्यानंतर तिथेही त्याच्या चाव्याने कोणी गेल्याची नोंद नाही. खारघरच्या लॉनवर तो येणार कुठून?

खरी गंमत पुढे आहे. चादर आणि नरसाळं विणणारं खरं घराणं म्हणजे एजेलेनिडी. पण आपल्याकडे मोकळ्या गवतात, पावसाळ्याच्या शेवटी दवाने चमकणारी जी जाळी दिसतात ती बहुतेक वेळा हिप्पासाची असतात आणि हिप्पासा आहे लांडगा कोळी, वुल्फ स्पायडर! बाकीचे लांडगा कोळी बहुतेक जाळं न विणता पळत शिकार करतात, हा मात्र नरसाळ्याच्या तोंडाशी बसून राहतो आणि जाळं हललं की चादरीवरून धावत येतो. यातल्या एकाचं नावच हिप्पासा एजेलेनॉइडीस, म्हणजे एजेलेनासारखा (एजेलेना हा एजेलेनिडी घराण्यातला कोळी) दिसणारा, त्यातलं एजेलेनॉइडीस हे फ्रेंच कोळी-अभ्यासक सिमॉनने 1884 मध्ये ठेवलेलं, तेव्हा तुमचा गोंधळ झाला त्यात नवल नाही.

म्हणून जाळ्यावरून ओळखू नका, डोळे बघा. एजेलेनिडीचे आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत, साधारण सारख्या आकाराचे. लांडगा कोळ्याचे खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे आणि मागे आणखी दोन. रात्री टॉर्च कपाळाशी धरून लॉनवर मारा, गवतात हिरवट ठिपके चमकले तर ते लांडगा कोळ्याचे डोळे. आणि सगळ्यात पक्की खूण आईची: लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची गोळी पाठीमागे चिकटवून फिरते, पिल्लं निघाली की पाठीवर घेते. एजेलेनिडीची मादी पिशवी एका जागी बांधून ठेवते. पाठभर पिल्लं घेतलेली मादी एकदा तुमच्या मुलांना दाखवाच, मला तरी ते बघून कधी कंटाळा आला नाही.

मागे दोन शेपट्या म्हणजे सूत सोडायच्या नळ्या. एजेलेनिडीत त्या वरूनही दिसतात, हिप्पासातही बऱ्यापैकी लांब असतात, त्यामुळे नुसत्या शेपट्यांवर जाऊ नका. तुमचा आंब्यावरचा मात्र हर्सिलिया, वेगळंच घराणं. तो नरसाळं विणत नाही, खोडाला चिकटून बसतो आणि किडा आला की त्याच्याभोवती गरागरा फिरत सूत गुंडाळतो.

पोरांना एवढंच सांगा, नरसाळ्यात बोट किंवा काडी घालायची नाही. कोळी आपणहून अंगावर येत नाही, पाऊल वाजलं की आत पळतो. फवारलंत तर गवतातले किडे खाणारेच मरतील. पुढच्या वेळी फोटो समोरून, डोळे दिसतील असा काढून पाठवा, एक वरूनही.